कट्टा साहेबाचा, सूर्य सगळ्यांचा

इस्पितळात ज्या मोठ्या यंत्रात माणसाला आडवे घालून त्याच्या मेंदूची, मणक्याची छायाचित्रे घेतात, त्या एमआरआय यंत्रातील चुंबक थंड ठेवण्यासाठी हेलियम नावाचा वायू लागतो. हे नाव 'हेलिऑस' या ग्रीक शब्दावरून आले. हेलिऑस म्हणजे सूर्य. या वायूची मोठी गंमत अशी की, माणसाने तो आधी सूर्यात पाहिला आणि त्यानंतर २७ वर्षांनी त्याला तो पृथ्वीवर सापडला. सुमारे १५ कोटी किलोमीटरवरची वस्तू आधी दिसली आणि पायाखालची नंतर!

या गोष्टीतले एक प्रकरण आपल्या कोकणात घडले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात विजयदुर्ग किल्ला आहे. तिन्ही बाजूंनी समुद्र, चिलखती तटबंदी आणि शिवाजी महाराजांपासून आंग्र्यांपर्यंतचा इतिहास. या किल्ल्यावर दगडी बांधणीचे काही ओटे आहेत. त्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. किल्ला दाखवणारा माणूस या कट्ट्यांपाशी थांबतो आणि सांगतो, ''१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला.'' ऐकणाऱ्याची छाती फुगते. मी कोकणातला असल्यामुळे माझी जरा अधिकच फुगते. दर वर्षी १८ ऑगस्टला या किल्ल्यावर हेलियमचा दिवसही साजरा होतो.

आज मला या कट्ट्याचीच हकिकत सांगायची आहे. मी वैज्ञानिक नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण सूर्याशी माझा रोजचा व्यवहार आहे. आमचा महिना चंद्राचा असला, तरी दिवस सूर्याचाच असतो. पहाटेची नमाज उजाडताना, सूर्य उगवण्याच्या आत. दुपारची नमाज सूर्य डोक्यावरून कलल्यावर. तिसऱ्या प्रहरची, काठीची सावली किती वाढली त्यावरून. संध्याकाळची सूर्य मावळताच आणि रात्रीची संधिप्रकाश विझल्यावर. आज मशिदीत छापील तक्ते आणि घड्याळे आहेत. पण त्या तक्त्यामागे काठी आणि सावलीचेच गणित आहे. अरबस्तानापासून स्पेनपर्यंतच्या ज्योतिर्विदांनी शतकानुशतके या सावलीचा हिशेब ठेवला. हिंदूंचे पंचांग काय आणि आमचा नमाजचा तक्ता काय, दोन्ही एकाच दिव्याच्या उजेडात लिहिलेले आहेत.

ग्रहणाच्या बाबतीत तर आमचे आणि शेजाऱ्यांचे घर एकच होते. ग्रहण लागले की आमची दादी गरोदर सुनेला सुरी, विळी हातात धरू देत नसे. शेजारच्या काकूही तेच करीत. बाहेर 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी आली की दोन्ही घरांतून सुपातले धान्य बाहेर जाई. फरक इतकाच की, काकूंच्या घरी स्नान होई आणि आमच्याकडे ग्रहणाची खास नमाज. त्या नमाजमागे एक घटना आहे. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता एकोणिसाव्या शतकात जाऊ. सन १८३५ मध्ये ऑगस्ट कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने असे मत मांडले होते की, ताऱ्यांचे आकार, अंतर, गती आपण मोजू शकू. पण ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. त्याचे म्हणणे त्या काळी चुकीचे वाटण्यासारखे नव्हते. ताऱ्याचा तुकडा आणणार कोण? पण तुकडा आणण्याची गरजच पडली नाही. ताऱ्याचा प्रकाश रोज आपल्या दारात येतच होता.

प्रकाश काचेच्या लोलकातून गेला की त्याचे सात रंग पडतात, हे न्यूटनने दाखवले होते. पुढे जर्मनीतल्या फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्याच्या त्या रंगपट्टीत शेकडो बारीक काळ्या रेषा पाहिल्या. त्या कशाच्या, हे त्याला सांगता आले नाही. ते कोडे १८५९ मध्ये किर्खोफ आणि बुन्सेन या जोडीने सोडवले. प्रत्येक मूलद्रव्य तापवले की ते ठरावीक रंगाच्या ठरावीक रेषा देते. मिठाचा खडा चुलीत पडला की ज्वाला पिवळी होते, ती त्यातल्या सोडियममुळे. माणसाच्या बोटांचे ठसे असावेत तसे हे द्रव्यांचे ठसे. वर्णपट वाचता आला की सूर्यात काय आहे, ते घरबसल्या कळू लागले. कोंतचे निधन १८५७ मध्ये झाले. आणखी दोन वर्षे तो जगता तर आपल्या विधानाचे उत्तर त्याला ऐकायला मिळाले असते.

तरी एक अडचण उरली होती. खग्रास ग्रहणाच्या वेळी काळ्या झालेल्या बिंबाच्या कडेला तांबूस ज्वाळा दिसत. त्या कशाच्या? एरवी सूर्याच्या झगमगाटात त्या दिसत नाहीत. त्यासाठी खग्रास ग्रहणच हवे, आणि तेही दीर्घ. असे ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ रोजी आले. त्याची सावली एडनकडून निघून हिंदुस्थान आडवा ओलांडून सयामकडे गेली. काही ठिकाणी खग्रास अवस्था पावणेसात मिनिटांपर्यंत टिकणार होती. ज्या कामासाठी एरवी दोन-तीन मिनिटे मिळत, त्याला हे घबाडच होते.

त्या दिवशी हिंदुस्थानात जागोजागी दुर्बिणी रोखल्या गेल्या. गुंटूरला फ्रान्सचा पियर जान्सेन होता आणि इंग्रजांचा मेजर टेनंटही होता. जमखंडी या पटवर्धनांच्या संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. तिथे ढगांनी त्याला छळले. पण ढगांच्या फटींतून त्याने ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन होता. त्याने वर्णपटातील एका पिवळ्या रेषेची नोंद केली. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला गेले होते. रघुनाथाचारींचे नाव आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. या विद्वानाने १८६७ मध्ये तेज बदलणारा एक तारा शोधला होता, आणि पुढे १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी सामान्य लोकांसाठी देशी भाषांतून पुस्तिका काढली होती.

तिकडे सयामचा राजा मोंगकुट याने हे ग्रहण स्वतः गणित करून वर्तवले होते. सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू म्हणून काढलेला हा राजा परदेशी पाहुण्यांना घेऊन वा को या दलदलीच्या किनाऱ्यावर गेला. ग्रहण गणिताप्रमाणे लागले. राजाचा विजय झाला. पण त्या दलदलीत त्याला हिवताप जडला आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी तो मरण पावला. सूर्य पाहण्याची एवढी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल.

गुंटूरला जान्सेनने त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसतील असे त्याच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी, सूर्य पूर्ण तेजात असताना त्याने यंत्र त्याच्या कडेवर रोखले आणि त्या रेषा खरोखरच दिसल्या! ग्रहणाची वाट पाहण्याची आता गरज राहिली नव्हती. त्याचे लक्ष मुख्यतः हायड्रोजनच्या रेषांकडे होते. हा जान्सेन पुढे १८७० मध्ये, पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडलेला असताना, ग्रहण पाहण्यासाठी बलूनमधून शहराबाहेर निसटला आणि अल्जीरियाला गेला. तिथे नेमके आभाळ भरून आले! माणूस जिद्दीचा असला, तरी ढगांपुढे कोणाचे चालत नाही.

आणि या साऱ्यात नॉर्मन लॉकियर कुठे होता? तो इंग्लंडमध्ये होता. तेव्हा तो युद्ध खात्यात कारकुनी करी आणि फावल्या वेळात आकाश पाही. ग्रहणाशिवाय ज्वाळांच्या रेषा पाहता येतील ही कल्पना त्यालाही सुचली होती. पण त्यासाठी सांगून ठेवलेले यंत्र कारागिराकडून वेळेवर आले नाही. ते हाती पडले ऑक्टोबरमध्ये, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने घरच्या दुर्बिणीतून त्या रेषा पाहिल्या. जान्सेनचे हिंदुस्थानातून निघालेले पत्र आणि लॉकियरची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत पोहोचली. आधी कोण, हा वाद अकादमीने वाढवला नाही. दोघांनाही श्रेय दिले. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने एक पदक पाडले, त्यावर दोघांचे मुखवटे शेजारी-शेजारी आहेत.

पण पिवळ्या रेषेचे काय? ज्यांनी ती ग्रहणात पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी ती सोडियमची मानली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी जवळजवळ असतात, तेव्हा तसे वाटणे साहजिक होते. ही तिसरी रेषा त्या दोघींच्या जागेवर नाही, किंचित बाजूला आहे, हे लॉकियरने काटेकोरपणे मोजले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याला जोडीला घेऊन त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजनपासून ती रेषा निघते का, हे पाहिले. निघाली नाही. मग हे पृथ्वीवर न सापडलेले नवे द्रव्य असावे, असा विचार त्याने धरला. त्याचेच नाव हेलियम. इंग्रजीत सोडियम, कॅल्शियम या धातूंच्या नावांचा शेवट जसा होतो, तसाच याचाही केला; कारण तो धातू असावा असे वाटले होते.

लोकांनी विश्वास ठेवला नाही. पृथ्वीवर ज्याचा चिमूटभर नमुना नाही, ते द्रव्य केवळ एका रेषेवरून कसे मानायचे? रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे नाके मुरडली. अखेर मार्च १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से याने क्लिव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल ओतले. त्यातून निघालेल्या वायूच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा झळकली. तपासायला नमुने गेले, त्यांत एक लॉकियरकडे गेला. सत्तावीस वर्षे ज्याला 'कल्पनेतला वायू' म्हणून हिणवले, तो काचेच्या नळीत चमकताना पाहून त्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना कवीने करायला हरकत नाही.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण आले आणि त्याची सावली कोकण किनाऱ्यावरून सोलापूरकडे, वऱ्हाडाकडे आणि पुढे बिहारकडे गेली. आता सर नॉर्मन झालेला लॉकियर या वेळी खरोखरच विजयदुर्गला आला. त्याच्या मदतीला 'मेलपोमिनी' या आरमारी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी होते. या खलाशांना त्याने शिकवून तयार केले. कोणी यंत्रे सांभाळायची, कोणी वेळ पुकारायची, कोणी प्रभामंडलाचे चित्र काढायचे. यंत्रे हलू नयेत म्हणून ओटे बांधले गेले. साहेबाचे कट्टे या ग्रहणाचे आहेत. ते १८६८ चे नव्हेत.

त्या वर्षी महाराष्ट्राची अवस्था काय होती, तेही आठवू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, १८९७ मध्ये पुण्यात हाहाकार उडाला. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. नक्षत्रांच्या आधाराने वेदांचा काळ शोधणारा 'ओरायन' हा ग्रंथ लिहिणारा माणूस या ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होता. अशा दिवसांत हे परदेशी पाहुणे पेट्या घेऊन गावागावांत उतरले. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आला. तिथेच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले पारशी प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन उभे होते. भावनगरच्या महाराजांच्या नावाने पुण्यात जी वेधशाळा निघाली, ती त्यांनी उभी केलेली.

वऱ्हाडात तळणीला मॉन्डर दांपत्य आणि जॉन एव्हरशेड होते. ॲनी मॉन्डर ग्रिनिच वेधशाळेत काम करीत असे. पण लग्न झाले म्हणून तिला नोकरी सोडावी लागली होती. या बाईने तळणीला छोट्या कॅमेऱ्याने असे छायाचित्र घेतले की, त्यात प्रभामंडलाचा एक झोत सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब गेलेला दिसला. एवढा लांब झोत तोवर कोणी टिपला नव्हता. वऱ्हाडातल्या कापसाच्या मुलखात ही गोष्ट घडली, हे वऱ्हाडात तरी किती जणांना ठाऊक असेल?

मग १८६८ चे श्रेय विजयदुर्गाला कसे चिकटले? मला वाटते, हे तीन ग्रहणांचे मिश्रण आहे. पहिले १८६८ चे, ज्याला लॉकियर आलाच नाही. दुसरे १२ डिसेंबर १८७१ चे. त्या वेळी तो हिंदुस्थानात आला होता आणि समुद्रकाठच्या एका किल्ल्यावरच होता. पण तो किल्ला केरळातला बेकल. तिसरे १८९८ चे, विजयदुर्गचे. माणूस एक, समुद्रकाठचे किल्ले दोन, ग्रहणे तीन. लोकांच्या आठवणीत ती एकमेकांवर सरकली. त्यात कोणाची लबाडी नाही. दंतकथा अशाच जन्माला येतात.

काही जण म्हणतात, ''असू द्या हो! एवढ्या निमित्ताने पोरे किल्ल्यावर येतात, विज्ञानाचे दोन शब्द ऐकतात. कशाला खोदत बसायचे?'' या म्हणण्यात माया आहे, हे मी मान्य करतो. पण मला ते पटत नाही. इथे मी ती मघाची राहिलेली घटना सांगतो.

पैगंबर मुहम्मद साहेबांचा धाकटा मुलगा इब्राहिम तान्हा असतानाच वारला. साधारणपणे इसवी सन ६३२ मधली ही घटना मानतात. नेमके त्याच दिवशी मदिनेत सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या पुत्रासाठी सूर्यानेही शोक केला. पुत्रशोकात बुडालेला बाप. त्याला यापेक्षा मोठे सांत्वन आणि यापेक्षा मोठा गौरव कोणता? नुसते गप्प राहिले असते तरी ती गोष्ट कायमची रुजली असती. पण त्यांनी लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण दिसले की प्रार्थना करा. ग्रहणाच्या नमाजमागे ही शिकवण आहे. दादी सुरी लपवून ठेवायची, तरी ही हकिकतही तीच सांगायची. दोन्ही गोष्टी तिच्या पदरात सुखाने नांदत होत्या.

आपल्या बाजूची असली, आपला मान वाढवणारी असली, तरी खोटी गोष्ट नाकारता आली पाहिजे, हा त्या हकिकतीचा अर्थ मला लागतो. पुत्रशोकाच्या दिवशी जे जमले, ते आपल्याला एका कट्ट्याच्या बाबतीत जमू नये? त्यात आपले काही जातही नाही. दंतकथेत एक साहेब येतो, दुर्बीण लावतो आणि शोध लावून जातो. खऱ्या इतिहासात मछलीपट्टणची नोंदवही आहे, वनपर्तीला गेलेले रघुनाथाचारी आहेत, जमखंडीचे ढग आहेत, जेऊरचे नायगमवाला आहेत, तळणीचा कॅमेरा आहे. आणि विजयदुर्गही आहेच. ज्याचे म्हणणे तीन वर्षांपूर्वीच खरे ठरले होते, तो साठी उलटलेला माणूस त्याच सूर्याला पुन्हा पाहायला जिथे आला, ते हे ठिकाण. मला तरी ही गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते.

पुढची कहाणीही आपल्यापासून दूर गेली नाही. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या रेषांचा अर्थ लावणारे समीकरण दिले. त्याच्या आधाराने १९२५ मध्ये सेसिलिया पेन हिने दाखवले की, तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत. सूर्य कशावर जळतो, हे कोडेही १९३० च्या दशकाअखेर सुटले. त्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातले सुमारे ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. म्हणजे पिवळ्या रेषेतून ज्याची ओळख पटली, ते हेलियम ही सूर्याच्या चुलीतली राखच म्हणायची! पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली. तिची दुर्बीण तमिळनाडूत कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गेली. तळणीला आलेला एव्हरशेडही पुढे त्याच वेधशाळेचा प्रमुख झाला. मद्रास आणि कोडाईकनालची परंपरा चालवणाऱ्या बंगळुरूच्या संस्थेने प्रभामंडल पाहणारे एक उपकरण बनवले. पुण्याच्या आयुकाने सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण बनवली. ही दोन्ही 'आदित्य एल-१' या यानावर बसून २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोहोचली. जे पाहण्यासाठी जान्सेन, लॉकियर, नायगमवाला सावलीच्या मागे धावले, ते प्रभामंडल आता ग्रहणाची वाट न पाहता न्याहाळता येते.

म्हणून मला एवढेच सुचवायचे आहे. विजयदुर्गावर १८ ऑगस्ट जरूर साजरा व्हावा. पण त्या दिवशी मुलांना गुंटूर, जमखंडी, मछलीपट्टण आणि वनपर्तीची नावे सांगावीत. आणि २२ जानेवारीलाही एकदा त्या कट्ट्यांपाशी जमावे, कारण तो दिवस खरोखर त्यांचा आहे. मुलांना सांगावे की इथे हेलियमचा शोध लागला नाही. पण ज्याने ते ओळखले तो माणूस इथे आला होता, आणि एका जहाजाचे खलाशी त्याच्यासोबत भर दुपारी अंधारात, डोके वर करून उभे होते. मुले हिरमुसणार नाहीत. उलट विचारतील, पुढचे ग्रहण कधी?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)